आजोबांनी सांगितलेले टायर

सई आणि निषाद,

गेल्या रविवारी तुमचे दोन फोन आले. आधी सईचा, आणि तो ठेवून मी भाजी निवडायला बसते न बसते तोच निषादचा. दोघांचा प्रश्न एकच... आजोबांनी शेवटी कुठले टायर घ्यायला सांगितले होते? सई म्हणते, हिवाळी. निषाद म्हणतो, ऑल-सीझन. दोघंही आजोबांचा शब्द शपथेवर सांगता, कुणीच मागे हटत नाही, आणि तुमची गाडी कॅनडातल्या त्या थंडीत अजून उन्हाळी टायरांवर उभी आहे. सई सध्या पहाटेच्या ड्युटीला बसने जाते, बसथांब्यावर अंधारात कुडकुडत उभी राहते, हे मला तिने सांगितलं नाही, निषादने सांगितलं. मी दोघांनाही म्हटलं, विचार करून कळवते. फोनवर माझा गोंधळ उडतो, कागदावर जरा कमी उडतो, म्हणून लिहायला बसले. शिवाय इथल्या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला होता, 'डॉक्टरांवर काहीतरी लिहून द्या'. तेव्हा हे तुम्हा दोघांना एकाच वेळी वाचायला मिळेल, आणि ज्यांच्या गाई-बैलांच्या अंगावरून त्यांचा हात फिरला त्यांनाही. इतर वाचकांसाठी एवढंच सांगते, की सई आणि निषाद ही माझ्या लेकीची मुलं, भाऊ-बहीण, तिकडे एकाच घरात राहतात. आणि तुमचे आजोबा, म्हणजे माझे यजमान, डहाणू-तलासरीकडे आयुष्यभर गुरांचे डॉक्टर होते.

आजोबा नवरात्रात गेले. तुम्हाला तेव्हा फोनवर जे सांगितलं ते घाईचं होतं. दुपारी ते गाडीपाशी उभे होते. वाकून पुढच्या टायरवर अंगठा दाबत होते. मी खिडकीतून म्हटलं, "अहो, चहा." म्हणाले, "ओत, आलोच." आले, पाय धुतले, ओट्यावरच्या खुर्चीत बसले. चहा पिऊन कपबशी नीट खाली ठेवली आणि मान मागे टेकली. मला वाटलं, डुलकी लागली. मी पेपर वाचत शेजारी बसून होते... किती वेळ, ते मला आता आठवत नाही, आणि ते न आठवणं मला बरंही वाटतं.

तुम्हाला माहीत आहे, मला सगळं क्रमाने लावायची सवय आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगायची, आधी काय घडलं, मग काय घडलं, त्या क्रमाने लिहा, म्हणजे अर्थ आपोआप लागतो. तसंच करून बघते. पण या टायरांचा अर्थ मला अजून लागलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात आंब्याच्या दिवसांत झाली. सईने व्हिडिओ कॉल केला आणि सहज म्हणाली, "आजोबा, गाडीला नवे टायर घ्यायचेत. इथे तीन प्रकार असतात. समर, विंटर आणि ऑल-सीझन. कुठले घेऊ?" निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारत नसे. पूर्वी फाटकाशी माणसं यायची, बैल चरत नाही, म्हैस पान्हा सोडत नाही, काहीतरी सांगायची. हल्ली फाटकाशी फक्त कुरिअरवाला. त्यामुळे ते एकदम सरसावून बसले.

"आणि पावसाळी?" त्यांनी विचारलं.

"पावसाळी नसतात, आजोबा."

"मग ऑल कसे म्हणायचे? एक अख्खा ऋतूच सोडलाय."

मी मध्ये बोलले, "अहो, त्यांच्याकडे पावसाचा वेगळा ऋतू नसतो."

"मग पाऊस पडतो कधी?"

"कधीही," सई म्हणाली.

"मग अवघड आहे बुवा," असं म्हणून त्यांनी ठणठणीत आवाजात पहिला सल्ला दिला. "सयू, नवे टायर घे, पण ते पावसाला ठेव. हिवाळ्याला जुने चालतात. हिवाळा म्हणजे कोरडा रस्ता, काही भीती नाही."

सई हसली नाही. ती म्हणाली, "आजोबा, इथे लोक हिवाळ्यातच मरतात. बर्फावरून घसरून."

त्यांचा चेहरा मला आठवतो. हा सल्ला त्यांनी काही असाच ठोकून दिला नव्हता. आमच्या घरात टायरांची एक रीत होती, तुम्ही लहानपणी ती बघितली आहे, कदाचित लक्षात नसेल. मृग लागायच्या आत गाडीला नवे टायर चढायचे. दसऱ्याला ते उतरायचे आणि जुने, गुळगुळीत झालेले चढायचे. नव्या टायरची नक्षी पावसाच्या चिखलासाठी राखायची आणि जुन्याची उरलीसुरली थंडी-उन्हात झिजवायची. "सीमोल्लंघनाला बूट बदलायचे," असं ते म्हणत. डहाणू रोडला बिपिनभाईंचं टायरचं दुकान आहे, तिथे सकाळी जाऊन टायर बदलून आणायचे, घरी येऊन गाडी धुवायची, आणि मी झेंडूचा हार घालून बॉनेटवर स्वस्तिक काढायचं. सरकारी जीप होती तेव्हा हे चालत नसे, पण स्वतःची गाडी आल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही. आपल्याकडे हिवाळा म्हणजे सगळ्यात सज्जन ऋतू. रस्ता सुका, हवा मऊ, वाडीत चिकू उतरवायची गडबड. त्या ऋतूत रस्ता माणसाला मारू शकतो, हे त्या माणसाच्या डोक्यात यायचं तरी कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला, माझाच, आणि म्हणाले, "तुझं इंग्रजी काढ. ते टायरचं काय असतं ते वाचून दाखव." तेव्हापासून पुढे अख्खा पावसाळा मी टॅबवर टायरबद्दल वाचत होते. इतकी वर्षं मुलांना इंग्रजी धडे समजावले, पण रबराचा धडा कधी समजावला नव्हता. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्याला धरत नाही, असं मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे खोबरेल तेल थिजतं तसं." मी म्हटलं, साधारण तसंच. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, पण गरमीत लवकर झिजतं. आणि ऑल-सीझन दोन्हीकडे चालतो, पण खऱ्या बर्फात हिवाळीइतका धरत नाही. ऑल-सीझनचं त्यांनी 'बारमाही' असं नाव ठेवलं. म्हणाले, "बारमाही विहिरीसारखा. बाराही महिने पाणी असतं, पण पोहायला पुरत नाही."

एवढ्यावर समाधान होईल तर ते गुरांचे डॉक्टर कसले. बिपिनभाईंकडून त्यांनी एका फाटक्या टायरचा तळहाताएवढा तुकडा कापून आणला, साबणाने धुतला आणि माझ्या फ्रीझरमध्ये ठेवला.

"त्यात माझे मटार आहेत," मी म्हटलं.

"मटारांना टायर चावत नाही."

रोज सकाळी दूध काढायला फ्रीझ उघडला की ते तो तुकडा बाहेर घ्यायचे, अंगठ्याच्या नखाने दाबायचे, वाकवून बघायचे. मग माझ्या हातात द्यायचे. "बघ, कसा झालाय. लाकूड." मी म्हणायची, "झाला असेल." आणि ते फ्रीझच्या दारावर लावलेल्या तुमच्या फोटोकडे बघत तो परत आत ठेवायचे. तोच फोटो, लाल गाडीला टेकून तुम्ही दोघं उभे आहात तो.

आता या पुढचं मला नीट सांगायचं आहे, कारण माझी अडचण इथेच आहे. तुमचा वाद टायरांचा आहे. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी आजवर कुणापाशी बोलले नाही. त्या महिन्यांत आजोबांचं डोकं शाबूत होतं का?

गणपतीनंतर एके दिवशी आम्ही तलासरीला निघालो. एका जुन्या शेतकऱ्याने नाचणीची भाकरी खायला बोलावलं होतं. आशागड, गंजाड, सगळं मागे टाकलं, पावसाची भुरभुर चालू होती, ते गुणगुणत होते. हायवे लागायच्या तोंडाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून नुसतेच समोर बघत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावीकडे की उजवीकडे?"

ज्या रस्त्याने त्यांनी आयुष्य काढलं त्या रस्त्यावर हा प्रश्न. मी सावकाश म्हटलं, "तलासरीला जायचंय आपल्याला."

"कुठे जायचंय ते माहीत आहे मला. वळण कुठलं ते विचारतोय. हे पूल, हे वळसे, रोज नवीन काहीतरी करून ठेवतात." मग त्यांनी गाडी डावीकडे घेतली, बरोबर घेतली, आणि भाकरी खाताना त्या म्हाताऱ्याला त्याच्या गोठ्यातल्या तीन पिढ्यांपूर्वीच्या गाईचं नाव सांगून हसवलं. तेव्हा विसरले होते की खरंच वळसे बदललेत म्हणून थांबले, हे मला ठरवता आलं नाही. नंतर मी एकदा मुद्दाम त्या बाजूला लक्ष देऊन पाहिलं, तर मलाही चटकन कळलं नाही. पण मी काही तिथून रोज जाणारी नव्हे.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. चहात साखर दोनदा घातली की मोजायची. किल्ली शोधू लागले की श्वास रोखायची. आणि याच दिवसांत त्यांनी तुम्हाला दोन वेगळी उत्तरं दिली. निषादशी बोलले तेव्हा मी स्वयंपाकघरात चिंच कोळत होते. मला त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "बारमाही घे आणि डोकं शांत ठेव." सईशी ते बोलले तेव्हा मी नरपडला माझ्या मैत्रिणीकडे गेले होते. पण सईने मला त्यांचं वाक्य सांगितलं, "हिवाळीच घे, मागेपुढे बघू नकोस," आणि हे वाक्य त्यांच्या तोंडचं आहे याबद्दल मला शंका नाही. गाभण गाईला कळा लागल्या की ते मालकाला हेच म्हणायचे, मागेपुढे बघू नकोस. तर दोघंही खरं बोलता आहात. एका गाडीला त्यांनी दोन प्रकारचे टायर सांगितले. मग ते विसरले होते, असाच अर्थ निघतो ना? ज्या दिवशी तुमचे दोन फोन आले त्या दिवशी मी असाच अर्थ काढला, आणि भाजी तशीच टाकून बसून राहिले.

पण मग मला जीप आठवली. लग्नानंतरच्या वर्षांत रविवारी मी पेपरांचा गठ्ठा घेऊन त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसायची. ते गुरं तपासायचे, मी झाडाखाली पेपर तपासायची. तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर दोन बैलांच्या खुरांना जखमा झाल्या होत्या. अगदी सारख्या. एका मालकाला त्यांनी लाल औषधाची पुडी दिली, रोज पाण्यात कालवून खूर धू म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या बैलाला इंजेक्शन टोचलं, खूर स्वतः धुऊन बांधून दिला आणि म्हणाले, आता हात लावू नकोस. परतताना मी विचारलं, "दोघांचा रोग एकच होता ना?"

"रोग एक. मालक दोन," ते म्हणाले. "तो पहिला बैलाला पोरासारखं धुतो. दुसरा उद्या पहाटे गुजरातला मजुरीला जाणार. त्याला रोजचं औषध देऊन मी काय पुण्य मिळवणार?"

मला तेव्हा ते फार शास्त्रीय वाटलं नव्हतं. तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या वर्गात सगळ्यांना एकच धडा. माझ्याकडे तसं जमत नाही."

तर असं झालं असेल का? निषाद, तू घरी बसून काम करतोस, बर्फ पडला की बाहेर निघत नाहीस, आणि वर्षातून दोनदा टायर बदलून घ्यायचं तुझ्या लक्षात राहणार नाही हे तुझ्या आईलाही माहीत आहे. तुला बारमाही. सई, तुला बर्फ असो नसो, पहाटे हॉस्पिटल गाठायचंच आहे. तुला हिवाळी. रोग एक, मालक दोन. असं धरलं तर त्यांचं डोकं तुमच्या-माझ्याहून जागेवर होतं. पण गाडी तर एकच आहे, आणि ती गाडी ते रोज सकाळी फ्रीझच्या दारावर बघत होते. मग पुन्हा मी जिथून निघाले तिथेच येते.

तुमच्या फोननंतर दोन दिवसांनी बिपिनभाई भेटायला आले. मी त्यांना हळूच विचारलं. ते म्हणाले, "भाभी, डॉक्टरसाहेब तर दुकानात बसून टायरच बोलायचे. म्हणायचे, पोरीला हिवाळी, पोराला बारमाही. मी बोललो, साहेब, गाड्या किती हाय त्यांच्याकडे?"

"मग काय म्हणाले?"

"काय नाय. हसले."

"कसे हसले?"

बिपिनभाईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "हसतात तसे हसले, भाभी. आता हसण्याचं मी काय सांगू तुम्हाला?"

आपली चूक सापडली म्हणून ओशाळून हसले, की मुद्दाम केलंय म्हणून हसले... तुम्ही दोघं कधी एकमेकांशी धड बोलत नाही, आता टायरसाठी तरी बोलाल, असा काही डाव होता? तसे ते डावपेचाचे नव्हते. पण दोन भावांच्या बांधाच्या भांडणात त्यांनी एकदा दोघांना एकाच म्हशीचं निम्मं-निम्मं औषध देऊन पाठवलं होतं, हेही मला माहीत आहे. मी रोज एक अर्थ लावते आणि दुसऱ्या दिवशी तो मोडते. जाताना बिपिनभाई फाटकाशी थांबले आणि गाडीकडे बघून म्हणाले, "दसरा तर गेला, भाभी. टायर कधी बदलायचे?" मी म्हटलं, सांगते.

आता एक गोष्ट मी तुम्हाला विचारते, आणि खरं आठवून सांगा. आजोबांशी बोलताना तुम्ही 'आमची गाडी' म्हणायचात, की 'माझी गाडी'? कारण रविवारी माझ्याशी बोलताना सई म्हणाली, 'माझ्या गाडीला', आणि निषादही म्हणाला, 'माझ्या गाडीला'. मी ते नंतर शांतपणे आठवून पाहिलं. ते जर तसंच ऐकत होते, तर फोटो असूनही त्यांना वाटलं असेल की आता दुसरी घेतली. मग ते विसरले नव्हते. मग त्या हायवेच्या तोंडाशी रस्ताच बदललेला होता. तुम्हाला टायर हवे आहेत, मला हे हवं आहे. 'माझी' म्हणत असाल तर तसं कळवा. 'आमची' म्हणत असाल तरीही खरं तेच कळवा.

टायरांचं मात्र तुम्हाला थांबवून ठेवता येणार नाही, थंडी कुणासाठी थांबत नाही. आजोबांच्या वतीने निकाल द्यायचा मला अधिकार नाही, पण जीपमध्ये बसून ऐकलेलं एक सांगते. गोठा एक आणि भाऊ दोन असले, दोघंही पुढे होऊन बोलू लागले, की ते दोघांना गप्प करून विचारायचे, "पहाटे गोठ्यात कोण जातं?" जो जायचा त्याच्याच हातात औषध द्यायचे, मग तो धाकटा असो, सून असो, नाहीतर घरची म्हातारी. तुमच्या घरात पहाटे गाडीपाशी सई जाते. तेव्हा हिवाळी टायर घ्या, उद्याच घ्या. उन्हाळी उतरवलेत की नीट झाकून ठेवा, आणि ते दोन्ही वेळा बदलून आणायचं काम निषादचं. लक्षात राहणार नाही म्हणू नकोस. दसरा लक्षात ठेव, मृग लक्षात ठेव. तुमच्याकडच्या थंडीला आपलं पंचांग थोडं मागेपुढे होईल, ते तू बघून घे. आजोबांना हेच म्हणायचं होतं का, ते मला माहीत नाही. मला एवढंच जमलं.

या वर्षी सुतकात दसरा झाला नाही, म्हणून आमच्या गाडीवर अजून पावसाळी टायरच आहेत, जुने मागे गोणपाटाखाली रचलेले आहेत. टायरचा तो तुकडा मटारांच्या पिशवीखाली आहे. सकाळी दूध काढताना मी तो दाबून बघते. कडकच असतो.